टाळेबंदी, संचारबंदी आणि नागरिकाचे कर्तव्य

साथ आली की शासनाचा पहिला हुकूम असतो, "घराबाहेर पडू नका." सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत हा हुकूम आपण बाळापुरात भोंग्यावरून इतक्या वेळा ऐकला की लहान मुलांनाही तो तोंडपाठ झाला होता. परंतु हा हुकूम कोण देतो, कोणत्या कायद्याने देतो, आणि तो पाळणाऱ्याच्या पोटाची काळजी कोणी घ्यावयाची, याचा विचार मात्र फारसा झाला नाही. आज दहावी-बारावीत असलेले विद्यार्थी त्या वेळी लहान होते. त्यांच्यासाठी व समाजबांधवांसाठी या विषयाचा थोडा उहापोह करावा, म्हणून हा अभ्यासलेख.

शब्दांचा अर्थ

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. जमावबंदी म्हणजे पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र येण्यास मनाई. संचारबंदी म्हणजे ठरलेल्या वेळेत कारणाशिवाय रस्त्यावर फिरण्यास मनाई. टाळेबंदी म्हणजे दुकाने, कारखाने, शाळा, वाहतूक असा सर्व व्यवहारच थांबविणे. 'जनता कर्फ्यू' ही चौथी गोष्ट. ती लोकांनी आपल्या मर्जीने पाळावयाची असते. २२ मार्च २०२० रोजी देशभर असा कर्फ्यू पाळला गेला आणि २५ मार्चपासून २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. पहिल्यात विनंती होती, दुसऱ्यात कायद्याचा हुकूम होता. हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

साथ तसा नियम

घरात राहण्याचा नियम प्रत्येक साथीला लागू पडतो असे नाही. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून प्लेगच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्या काळी उंदीर मरून पडू लागले की लोक घराला कुलूप लावून गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहत. प्लेगचा जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांतून माणसाकडे येतो, म्हणजे धोका घरातच असे. म्हणून त्या वेळी घर सोडणे हाच शहाणपणा होता. कोरोनाचा विषाणू माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून पसरतो. धोका गर्दीत, म्हणून घरात राहणे हा उपाय. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो. तेथे माणसाला घरात कोंडून भागत नाही, विहीर व नळ स्वच्छ करावे लागतात.

कोरोनाची लागण झाल्यावर लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत दिसत, पण काहींना चौदा दिवसही लागत. म्हणून संपर्कात आलेल्या माणसाला चौदा दिवस वेगळे ठेवण्याचा नियम झाला. तात्पर्य, नियमामागे रोगाचे शास्त्र असते. कारण कळले की नियम मनापासून पाळला जातो. कारण न सांगता दंडुका दाखविला, तर नियम पोलीस दिसेपर्यंतच टिकतो.

कायदा काय सांगतो

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. शासनाला वाटेल ते निर्बंध घालण्याची सत्ता, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा आणि हुकूम बजावणाऱ्यास संरक्षण, एवढेच त्याचे सार. लोकांना धान्य किंवा औषध देण्याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिटीच्या सोल्जरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या. त्यातून लोकांचा संताप उसळला आणि २२ जून १८९७ रोजी कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे सेवेशिवाय हुकूम होता, तर दुसरीकडे हुकुमाशिवाय सेवा. रुग्णाला विश्वास कोणाचा वाटला असेल, हे सांगण्याची गरज नाही.

कोरोनाकाळात या जुन्या कायद्याबरोबर २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाही वापरला गेला. त्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. बाजार केव्हा उघडावयाचा, कोणता भाग प्रतिबंधित करावयाचा, हे हुकूम बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने निघत. तहसीलदार, नगर परिषदेचे मुख्याधिकारी, ग्रामसेवक व पोलीस त्यांची अंमलबजावणी करीत. हुकूम मोडल्यास तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा दाखल होई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली आहे.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे. जनहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असेही तेथेच म्हटले आहे. यातील 'वाजवी' हा शब्द महत्त्वाचा आहे. निर्बंध असू शकतो, मनमानी असू शकत नाही.

वऱ्हाडातील अनुभव

मे २०२० च्या सुरुवातीस अकोला जिल्हा रेड झोनमध्ये होता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातील दुसऱ्या लाटेची चाहूल प्रथम वऱ्हाडातच लागली. अमरावती व अचलपूर येथे २२ फेब्रुवारीपासून आठवड्याची टाळेबंदी झाली. पाठोपाठ अकोला शहर, अकोट व मूर्तिजापूर येथेही कडक निर्बंध आले. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका गावाला एक नियम आणि शेजारच्या गावाला दुसरा. हे रोगाच्या फैलावाला धरूनच होते. परंतु तालुक्याच्या ठिकाणी कामाला जाणाऱ्या खेड्यातल्या माणसाला आज कोठे काय बंद आहे हे कळत नसे. साध्या मराठीत लिहिलेला हुकूम ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेवर लागला असता, तर अनेकांचा हेलपाटा व दंड दोन्ही वाचले असते.

आपले बाळापूर महामार्गावर वसलेले आहे. पूर्वीचा तो सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न. मे २०२० च्या उन्हात याच रस्त्याने मुंबई-सुरतेकडचे मजूर छत्तीसगड, ओडिशाकडे निघालेले आम्ही पाहिले. कोणी पायी, कोणी ट्रकच्या टपावर. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. "घरात राहा" हा हुकूम त्यांनीही ऐकला होता. पण त्यांचे घर हजार किलोमीटर दूर होते आणि जेथे ते राहत होते, तेथे चूल पेटत नव्हती. त्यांना नियम मोडणारे कसे म्हणावे?

धान्याशिवाय घरबंदी नाही

महिन्याचा पगार बँकेत जमा होणाऱ्या माणसाला घरात बसणे म्हणजे कंटाळा. मिस्त्रीच्या हाताखालच्या मजुराला, हमालाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला, टपरीवाल्याला तेच घरात बसणे म्हणजे उपास. हुकूम एकच, पण त्याचे ओझे सारखे नाही. आमच्या या लेखाचा हाच गाभा आहे.

शासनालाही हे पुढे उमगलेले दिसते. एप्रिल २०२० पासून केंद्राने रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य मोफत दिले. दहा रुपयांची शिवभोजन थाळी राज्याने पाच रुपयांवर आणली. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात पुन्हा संचारबंदी लागली. त्या वेळी आदल्या दिवशीच मदतीची घोषणा झाली. तीत सात कोटी लाभार्थ्यांना माणशी तीन किलो गहू व दोन किलो तांदूळ आणि महिनाभर शिवभोजन मोफत होते. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक फेरीवाले व रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर झाले. हुकुमाबरोबर भाकरी आली, ही प्रगती खरी. पण 'नोंदणीकृत' आणि 'परवानाधारक' या दोन शब्दांपाशी आपले कितीतरी बांधव अडले. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याच्यापर्यंत मदत पोहोचत नाही. म्हणून बांधकाम कामगाराची नोंदणी, रेशनकार्डावर प्रत्येकाचे नाव, ही कामे साथ नसतानाच उरकून घेणे अगत्याचे आहे.

अंतर शरीराचे, समाजाचे नव्हे

त्या काळात 'सामाजिक अंतर' हा शब्द सगळीकडे फिरला. आपल्या समाजाला सामाजिक अंतराचा अर्थ कोणी शिकविण्याची गरज नाही. पिढ्यान् पिढ्या तो आपण पाणवठ्यावर भोगला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्ये 'शारीरिक अंतर' हा शब्द पुढे केला. हात दूर ठेवावयाचा, मन नव्हे. बरा होऊन आलेल्या रुग्णाच्या दारावरून लोक तोंड फिरवून गेले, ही गोष्ट कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती.

नियम पाळण्यात आपला समाज मागे नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १४ एप्रिल २०२० ची जयंती मिरवणुकीविना झाली. घरोघरी बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून, पुस्तक वाचून ती साजरी झाली. त्या वर्षी ७ मेची बुद्धपौर्णिमाही घरातच झाली. कारण कळले होते, म्हणून ते जमले.

आपण काय करावे

पुढे कधी असा हुकूम निघाला, तर सुशिक्षित तरुणांनी तो प्रथम मिळवून वाचावा. त्यात पाच गोष्टी पाहाव्यात : कोणाच्या सहीने निघाला, कोणत्या कायद्याने, कोणत्या भागासाठी, केव्हापासून केव्हापर्यंत, आणि कोणकोणत्या कामांना सूट आहे. मग तो वस्तीतल्या न वाचणाऱ्यांना समजावून सांगावा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची, बाळंतिणींची व रोज औषध लागणाऱ्यांची यादी करावी. कोणाच्या घरी धान्य नाही, हे तहसील कार्यालयास लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

हुकूम पाळणे हे कर्तव्य, आणि हुकुमाबरोबर भाकर मागणे हा हक्क. यातील एक सोडून दुसरे धरता येत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्लेगमध्ये लोक घर सोडून का गेले आणि कोरोनात घरात का राहिले?
२. जनता कर्फ्यू व संचारबंदी यांत फरक कोणता?
३. 'वाजवी निर्बंध' म्हणजे काय, ते आपल्या वस्तीतील एका उदाहरणाने सांगा.
४. आपल्या गल्लीतील किती कामगारांची नोंदणी झाली आहे? विचारून यादी करा.