धुराड्याचे अस्तर

इंग्लंडातील जुन्या घरांत शेगडी भिंतीतच असते व तिचा धूर विटांच्या धुराड्यातून वर जातो. धुराडे बाहेरून भक्कम दिसले, तरी त्याची खरी राखण आतील अस्तर करते.

धुरातील आम्ल विटांमधील चुना खाते आणि सांधे उघडतात. मग कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू निजण्याच्या खोलीत शिरतो. आत साचलेले डांबर पेटल्यास आग चिरांतून लाकडी तुळयांपर्यंत पोहोचते. म्हणूनच तेथील १९६५ च्या इमारत-नियमांनी नव्या धुराड्यांना अस्तर आवश्यक ठरविले.

जुने अस्तर निकामी झाले, की प्रथम काजळी झाडतात. नंतर वरून न गंजणाऱ्या पोलादाची लवचिक नळी सोडून भोवतीच्या पोकळीत उष्णतारोधक द्रव्य भरतात. नळीचा व्यास शेगडीस साजेसा हवा. नळी उबदार राहिली, तर हलका धूर वेगाने चढतो. ती थंडावली, तर धूर रेंगाळतो व डांबर पुन्हा साचते.

आपल्याकडे अशी धुराडी विरळाच. परंतु दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ ठेवून निजणाऱ्यास तोच वायू गाठतो. धुरास वाट देणे म्हणजे प्राण राखणे होय, एवढे आपण सर्वांनी ध्यानी धरू या.