घरातील संवाद, पडदा आणि बालकाची बुद्धी

संध्याकाळी शेतावरून परतलेली आई स्वयंपाकाला बसते. दीड वर्षाचे मूल पदर सोडीत नाही. अशा वेळी त्याच्या हाती मोबाइल दिला जातो आणि घर शांत होते. हे दृश्य आता शहरापुरते राहिलेले नाही. त्यावरून मातेला दोष देणे सोपे आहे; परंतु त्या अर्ध्या तासात मूल नेमके कशाला मुकले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

अमेरिकेतील सिॲटल येथे पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. इंग्रजी भाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांसमवेत चिनी भाषक व्यक्तींनी बारा वेळा बसून पुस्तके वाचली, खेळणी खेळविली. पुढे या बालकांना चिनी भाषेतील ध्वनिभेद ओळखता आले. दुसऱ्या गटास तेच बोलणे पडद्यावर दाखविले होते. त्या बालकांना ते साधले नाही. मूल ज्या वस्तूकडे पाहते तिचेच नाव घेणारे, त्याच्या हुंकाराला प्रतिसाद देणारे माणूस पडद्यावर नसते. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांशी मोबाइलवरून समोरासमोर बोलणाऱ्या मुलाची गोष्ट अर्थातच वेगळी. तेथे उत्तर देणारे माणूस असते.

घरातील स्वास्थ्याचा संबंध येथेच येतो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, खेळता खेळता आईने चेहरा निर्विकार केला, की तान्हे मूल प्रथम तिला बोलते करण्याची धडपड करी आणि मग खिन्न होऊन तोंड फिरवी. कर्जाच्या विवंचनेत, भांडणात किंवा स्वतःच्या मोबाइलमध्ये गुंतलेले वडीलधारे माणूस मुलाला असेच दिसत असले पाहिजे. म्हणूनच पडदा अधिक पाहणारी मुले उशिरा बोलतात, एवढ्यावरून सारा दोष पडद्यावर ढकलता येत नाही. अशांत घरात मूल पडद्यापुढे अधिक वेळ राहते आणि बोलणेही कमी होते. काही घरांत पडदा हे कारण असते, तर काहींत केवळ लक्षण.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाकाठी एक तासाहून अधिक नसावा, अशी शिफारस केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये याच दिशेने स्वतःचा मार्ग काढला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवावयाचे, असा तो निर्णय होता. भर मोठ्या मुलांच्या अभ्यासावर होता, हे खरे. तथापि या उपक्रमासाठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, ही बाब भोंग्याइतकीच महत्त्वाची आहे.

भोंगा पडदा बंद करू शकतो. त्यानंतर मुलाशी कोणी बोलावयाचे, हा प्रश्न उरतोच. अंगणवाडीच्या पालक सभेस बहुधा माताच येतात आणि सूचना त्यांनाच दिल्या जातात. सरपंच व शिक्षकांनी वडील आणि आजोबा यांनाही तेथे आग्रहाने बोलाविले, तर स्वयंपाकाच्या त्या अर्ध्या तासात मूल कोणापाशी बसेल, हे प्रत्येक घरापुरते तेथेच ठरविता येईल.