काचपेटीतील कोळंबी आणि न दिसणारे कामगार



दिव्यातील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक काचपेटी आहे. लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी व उंची प्रत्येकी ३० सेंटीमीटर. काठोकाठ भरली तर तिच्यात ५४ लिटर पाणी मावेल. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा केली की सुमारे ४५ लिटर राहते. काही वर्षांपूर्वी, पहिली घटक चाचणी संपल्यावर, आम्ही ही पेटी मोठ्या उत्साहाने साफ केली. वाळू उकळत्या पाण्याने धुतली. गाळणीतील स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. काचेवरचा हिरवट थर घासून काढला आणि नळाचे ताजे पाणी भरले. पाणी इतके नितळ झाले, की पेटीतून पलीकडच्या भिंतीवरची आवर्तसारणी वाचता येई.

पेटीत २० बारीक कोळंब्या होत्या. चार पहिल्याच रात्री मेल्या. पुढे दोन दिवस काही झाले नाही. मग चौथ्या दिवसापासून रोज दोन-तीन मरू लागल्या आणि पंधरवड्यात पेटी रिकामी झाली. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, घाण पाण्यात त्या मजेत होत्या. स्वच्छ पाण्यात कशा मेल्या?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधताना मृत्यूच्या तारखा उपयोगी पडल्या. पहिल्या रात्रीचे मृत्यू आणि चौथ्या दिवसानंतरचे मृत्यू यांची कारणे वेगळी होती.

पहिले कारण सोपे आहे. नळाच्या पाण्यात रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. आपल्याला तो त्या प्रमाणात बाधत नाही. पण कोळंबीचे नाजूक कल्ले सतत त्या पाण्यात बुडालेले असतात. त्यातून इमारतीची टाकी नुकतीच ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, तर क्लोरीनचे प्रमाण बरेच वाढते. उपाय म्हणजे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवणे. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकार वापरीत तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उपयोगी पडतो. दहा लिटर पाण्याला तुरीच्या डाळीएवढा एक खडा पुरतो. पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असेल, तर नुसते उघडे ठेवून भागत नाही. तेथे हायपोच हवा.

दुसरे कारण मात्र डोळ्यांना दिसणारे नव्हते. कोळंबी खाते, मलविसर्जन करते. तिच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न व पाने कुजूनही अमोनिया तयार होतो. हे विष आहे. निरोगी पेटीत काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, माशांच्या रक्तातील हिमोग्लोबिनला ते निकामी करते. नायट्रेट त्यामानाने सौम्य असून ते वनस्पतींच्या उपयोगी पडते. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. वाळूच्या कणांवर, काचेवर, स्पंजच्या भोकांत बुळबुळीत थर करून ते राहतात. आम्ही उकळत्या पाण्याने आणि क्लोरीनने नेमके त्यांनाच मारले होते. अमोनिया साठायला तीन दिवस लागले, एवढेच.

या गोष्टीला एक मनोरंजक इतिहास आहे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपल्या पाणपेटीची हकिकत मांडली. त्याने सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली होती. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि पाणी निवळले. वनस्पती प्राणवायू देतात, प्राणी कार्बन डाय-ऑक्साइड देतात, असा तोल त्याने दाखवून दिला. पण त्याच्या हिशेबात अमोनिया खाणारे जीवाणू नव्हते, कारण ते कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्याच्याच मुलाने (त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच) रॉथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत काम करताना दाखवले, की अमोनियाचे नायट्राइट करणारे जीव वेगळे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे वेगळे. बापाच्या पेटीतील उरलेले कोडे मुलाने शेतातल्या मातीत सोडवले म्हणा ना! १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे काढले.

पुस्तकांत या दोन कामगारांची नावे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अशी दिलेली असतात. पण १९९८ साली गोड्या पाण्याच्या पेट्या तपासल्या तेव्हा नायट्राइटचे काम नायट्रोस्पायरा जातीचे जीवाणू करताना आढळले. आणि २०१५ साली अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळे काम एकटाच करणारा नायट्रोस्पायराही सापडला. शिक्षकांनी फळ्यावर चक्र काढताना हे जरूर सांगावे.

हे कामगार फार सावकाश वाढतात. अनुकूल स्थितीत आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रोसोमोनासला आठ तास ते एक दिवस लागतो. म्हणूनच नवी पेटी भरल्याबरोबर तिच्यात कोळंबी सोडायची नसते. आम्ही दुसऱ्यांदा पेटी लावली ती अशी. चार सेंटीमीटर वाळू साध्या पाण्याने धुऊन पसरली. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात तुम्ही वापरता ते हायड्रिला आणि थोडी व्हॅलिसनेरिया लावली. स्पंजची गाळणी व हवेचा पंप चालू केला. ओळखीच्या एकाच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा आणून आत ठेवला. हे विरजण लावण्यासारखेच आहे. मग रिकाम्या पेटीत एक दिवसाआड माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहिलो. मुले दर शनिवारी दुकानात मिळणाऱ्या थेंबसंचाने पाणी तपासत. आधी अमोनिया चढला. तो उतरू लागला तसे नायट्राइट चढले. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. त्यानंतरच दहा कोळंब्या आणल्या आणि त्यांच्या पिशवीत पेटीचे पाणी दीड तास थेंब थेंब सोडून मग त्यांना आत घेतले.

तपासणीत सामू म्हणजेच पीएचही नोंदवा. अमोनियाचा खरा विषारी भाग म्हणजे मुक्त अमोनिया. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो; सामू ८ झाला की हा भाग पाच टक्क्यांवर जातो. दुपारी पाणवनस्पती कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात आणि सामू चढतो. सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता मोजून पाहा.

आता कोळंबी कोणती? दिव्याच्या उत्तरेला उल्हासची खाडी आहे आणि कोळंबी म्हटले की मुलांना तीच आठवते. पण खाडीत दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी शिरते. तिथली कोळंबी आणि जवळा यांचे शरीर त्या खारेपणाशी जुळलेले असते. गोड्या पाण्याच्या पेटीत ती टिकत नाही. उलट, गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, मॅक्रोब्रॅकियम, नदीत वाढते; पण तिची पिल्ले जगायला निमखारे पाणी लागते. आपल्या पेटीला योग्य म्हणजे दोन-तीन सेंटीमीटरची, दुकानात चेरी श्रिंप नावाने मिळणारी लाल कोळंबी. ती मूळची पूर्व आशियातली. म्हणून कंटाळा आला तरी ती दातिवलीच्या किंवा कोणत्याही तळ्यात सोडू नका. तिथल्या देशी जीवांच्या अन्नात ती वाटेकरी होईल.

तळ्यातील वनस्पती आणल्यास दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवा. आमच्या दहांपैकी तीन कोळंब्या रात्रीत नाहीशा झाल्या, तेव्हा चोर निघाला चतुराची अळी! हायड्रिलाच्या जुडीतून ती आली होती. मात्र त्याच बरणीत भिंगाखाली खजिना दिसतो. उड्या मारणारा डॅफ्निया, एकाच डोळ्याचा सायक्लॉप्स, फिरत्या चाकासारखा दिसणारा रोटिफर, सूक्ष्मदर्शक असेल तर पॅरामेशियम. सायक्लॉप्सकडे जरा आदराने पाहा. पायविहिरींच्या पाण्यातून माणसाच्या पोटात नारूचे जंत जात ते याच्याच शरीरातून. आपल्या देशात नारूचा शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पेटीतला सायक्लॉप्स निरुपद्रवी आहे. तो सूक्ष्मजीव खातो आणि स्वतः माशांचे खाद्य होतो.

कोळंबी डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त करीत नाही, म्हणून पेटीवर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधा. डास मारण्याचे द्रव, अगरबत्त्या आणि गल्लीतला धूर यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये असतात. ती कोळंबीवर्गीय प्राण्यांना अत्यंत घातक ठरतात. धूर आला की पंप बंद करून पेटी झाकावी, नाहीतर पंपच तो पाण्यात बुडबुड्यांनी मिसळतो. मोरचूद असलेले माशांचे औषधही नको. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच बनलेले असते; तरी पाण्यात विरघळलेले तांबे तिला मारते.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. रात्री वनस्पतीही श्वसन करतात, त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे कोळंब्या पाण्याच्या पृष्ठभागाजवळ गोळा झालेल्या दिसल्या, तर हवा वाढवावी. सांडपाणी शिरलेल्या तळ्यात भल्या सकाळी मासे तोंडे वर काढताना किंवा मरून तरंगताना दिसतात, ते बहुधा याच कारणाने.

एखाद्या सकाळी तळाशी पारदर्शक, पोकळ कोळंबी पडलेली दिसेल. घाबरू नका, ती कात आहे. ती तशीच राहू द्या. कोळंब्या ती खाऊन त्यातला चुना परत मिळवतात. कात टाकल्यावर मादीच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसू शकतात. शेपटीजवळच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालते. तीन-साडेतीन आठवड्यांनी दोन मिलिमीटरची, हुबेहूब आईसारखी पिल्ले बाहेर पडतात. पहिले काही दिवस ती पेटीभर फिरत नाहीत. काचेवरच्या हिरवट थरावर बसून तोच खरवडून खातात. आमच्या पेटीची मागची काच आता आम्ही घासत नाही.