‘घरचेच कुत्रे आहे, डॉक्टर!’

फ्लॅटमध्ये किंवा दोन खोल्यांच्या घरात मोठे कुत्रे ठेवणे जमत नाही. मग पॉमेरियन आणि गावठी यांच्या संकरातून झालेले एखादे लहानसे पिल्लू घरी येते. त्याला कोणी ‘पॉम क्रॉस’ म्हणतात. अशी कुत्री चलाख असतात, माणसांना लवकर लळा लावतात. आपल्या हवेत ती निभावतातही चांगली. डॉक्टर म्हणून माझा या हौसेला विरोध नाही. मधुमेहाचे जे रुग्ण माझ्या सांगण्याने कधी फिरायला गेले नाहीत, ते कुत्र्यासाठी पहाटे साडेपाचला रस्त्यावर दिसतात!

प्रश्न निराळाच आहे. रस्त्यावरचे कुत्रे चावले की माणूस धावत दवाखान्यात येतो. घरचे एवढेसे पिल्लू खेळताना चावले, तर डेटॉलचा बोळा फिरवून विषय संपतो. चार-आठ दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी आल्यावर सहज उल्लेख होतो. विचारले, तर उत्तर ठरलेले, ‘घरचेच कुत्रे आहे, डॉक्टर. बाहेर कुठे जात नाही.’ आणखी चौकशी केली की कळते, संध्याकाळी ते गल्लीत मोकळे सोडतात. पिल्लू कोणाकडून तरी आणलेले असते, त्याच्या आईला लस दिली होती की नाही हे ठाऊक नसते, आणि पिल्लाची लस ‘राहून गेलेली’ असते.

रेबीजचा विषाणू कुत्र्याचा आकार पाहत नाही. तो लाळेत असतो व दात, ओरखडा किंवा जखमेवर चाटण्यातून शरीरात शिरतो. तेथून मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरातच लक्षणे दिसतात, तर कधी वर्ष उलटते. चेहरा, मान व बोटे येथील दंश अधिक घातक. लहान मुले पिल्लाच्या तोंडाशी तोंड नेतात, म्हणून त्यांना नेमके तेथेच दात लागतात. शिवाय रागावतील म्हणून मुले घरी सांगत नाहीत. एकदा लक्षणे सुरू झाली की या रोगावर खात्रीचा उपाय आजही नाही. रोगी जवळजवळ नेहमीच दगावतो. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पंधरा वर्षांखालील मुले बरीच असतात.

पुष्कळांची समजूत अशी, की कुत्रे पाणी पीत असेल तर ते पिसाळलेले नाही. ही समजूत चुकीची आहे. पाण्याची भीती माणसाच्या रेबीजमध्ये दिसते. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भीत नाही. तसेच प्रत्येक पिसाळलेले कुत्रे अंगावर धावून येतेच असेही नाही. रोगाचा एक मूक प्रकार आहे. कुत्रे कोपऱ्यात गप्प बसते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो. घशात हाड अडकले असावे असे वाटून घरातली माणसे त्याच्या तोंडात बोटे घालतात. हे कधीही करू नये. कुत्र्याला कोंडून पशुवैद्याला बोलवावे.

दात लागल्यास पहिले औषध घरातच आहे. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साध्या साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण आपली पंधरा मिनिटे बहुधा तीनच मिनिटांची असतात! नंतर पोव्हिडोन आयोडिन लावावे. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम बांधू नये व टाके घालण्याचा आग्रह धरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात 2005 च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडात देतात. स्नायूत द्यायची असल्यास 0, 3, 7, 14 व 28 या दिवशी, कातडीत द्यायची असल्यास 0, 3, 7 व 28 या दिवशी. रक्त न येणारा ओरखडा असेल तर लस पुरते. रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यांत वा ओठांच्या आत लाळ गेली असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन जखमेत व जखमेभोवती द्यावे लागते. लसीचा परिणाम होईपर्यंतचे दिवस तेच सांभाळते. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर 0 व 3 या दिवशीचे दोन डोस बहुधा पुरतात, म्हणून जुने कागद टाकू नयेत.

‘दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवू, मग बघू,’ असेही म्हणतात. नजर जरूर ठेवावी, पण लस सुरू करून. दहा दिवसांनी कुत्रे ठणठणीत असले तर उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायला चुकू नये.

आता पिल्लाविषयी. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंच्या लसी सुरू होतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात व पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे, सहसा दरवर्षी. जंताचे औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी व मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी द्यावे. पिल्लाच्या पोटातील जंतांची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात. क्वचित अळी डोळ्यापर्यंत पोहोचते व दृष्टी अधू होते. अंगणातील विष्ठा रोज उचलावी, मुलांना जेवणापूर्वी हात धुवायला लावावे. कत्तलखान्यातील कच्चा कोथळा कुत्र्याला घालू नये, कारण त्यातून कुत्र्यामार्फत माणसाला हायडॅटिड हा गाठींचा रोग होऊ शकतो.

कुत्रे लंगडते म्हणून घरातील आयब्रुफेनची गोळी त्याला देणारेही भेटतात. पाच-सहा किलोच्या प्राण्याला ती जठराच्या व्रणापर्यंत आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत नेऊ शकते. कांदा, मनुका व चॉकलेटही त्याला घातक आहे.

श्वानदंशानंतर पथ्य काय, हा प्रश्न हमखास येतो. खास पथ्य नाही. जेवण नेहमीचे घ्यावे, कामावर जावे. गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या मातांनाही ही लस देता येते. शासकीय रुग्णालयांत ती मोफत मिळते. नेहमीची औषधे चालू असल्यास, विशेषतः स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी, त्यांची चिठ्ठी सोबत न्यावी.