दोष शून्याचा नव्हता

जुना कॉम्प्युटर मोडीत काढून नवा घेतला, सगळा डेटा जसाच्या तसा उतरवला, आणि पगारपत्रकाचा डॉसमधला प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर 200’ एवढंच म्हणून बाहेर पडला. पेंटियम टू आल्यावर अशा तक्रारी माझ्याकडे वरचेवर येऊ लागल्या. तोवर बहुतेकांनी डॉस पुन्हा टाकून बघितलेलं असे, एखाद्याचं विक्रेत्याशी भांडणही उरकलेलं असे. मॅन्युअलात 200 म्हणजे शून्याने भागाकार. मग काय, डेटात शून्य शोधायची मोहीम!

ते सापडणार कुठून? हे प्रोग्रॅम टर्बो पास्कल 7 मध्ये लिहिलेले. त्यात सीआरटी युनिट जोडलं, की तुमची पहिली ओळ चालण्याआधीच प्रोसेसरचा वेग मोजला जातो. घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि 55 ने भागायचं. ‘डिले’साठी एका मिलिसेकंदाचा हिशेब तयार. पण उत्तराला जागा 16 बिटांची, फार तर 65535. साधारण 200 मेगाहर्ट्झच्या पुढे ते तिथे मावेना. आणि या प्रोसेसरांवर उत्तर मावलं नाही काय नि भाजक शून्य असला काय, इंटरप्ट एकच. लिहिणाऱ्याने वेग गृहीत धरला नव्हता, चांगला मोजला होता. मला धास्ती वाटते ती अशा मोजण्याचीच.

आजही कुणाकडे असा प्रोग्रॅम असेल तर डेटाला हात लावू नका. आधी ईएक्सईची प्रत काढा. सोर्स हाताशी असेल तर दुरुस्त केलेलं सीआरटी युनिट घेऊन पुन्हा कंपाइल करा. नसेल तर थेट ईएक्सईवर चालणारे पॅच आहेत. डॉसबॉक्समध्ये सायकल्स उतरवूनही काम भागतं.

8051 मायक्रोकंट्रोलरवर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांची गत फार वेगळी नाही. मूळ चिप एका मशीन सायकलला 12 क्लॉक घेते. नव्या ‘1टी’ चिपा पुष्कळ इन्स्ट्रक्शन एकाच क्लॉकमध्ये उरकतात. पुस्तकातला डिले तसाच उतरवला, की एलसीडीवर अक्षरांऐवजी काळे चौकोन. वीज आल्यावर त्या डिस्प्लेला 15 मिलिसेकंद तरी उसंत हवी असते, ती मिळतच नाही. डिस्प्ले बदलत बसू नका, डिलेसाठी टायमर वापरा. मात्र तो टायमर 12 क्लॉकला एक मोजतो की प्रत्येक क्लॉक मोजतो, हे डेटाशीटमध्ये बघूनच त्यात आकडा भरा.