दोन वर्षं, दोन्हीकडे

अलिबागला येणारा पाहुणा ओहोटीची वेळ विचारतो, कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन येतो आणि परतीच्या वाटेला लागतो. त्याच गावात एक चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ही वेधशाळा मुळात मुंबईतल्या कुलाब्याची. तिथे १८४१ पासून मोजमापं चालू होती. शहरातल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने नाजूक उपकरणांची नोंद बिघडणार हे उघड झालं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी सुमारे ३० किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. लोहाचा परिणाम नसलेला पोरबंदरी दगड पारखून घेऊन इमारती बांधल्या.

अलिबागची यंत्रं चालू झाली म्हणून मूस यांनी कुलाब्याची थांबवली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांमधला फरक किती, हे नीट कळलं, जुनी मालिका नवीला जोडता आली आणि मगच कुलाब्याचं मोजमाप बंद झालं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती त्यानंतर, ७ मे १९०७ रोजी. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्यातली नोंद शास्त्रज्ञ २००३ मध्येसुद्धा अभ्यासत होते. एवढ्या मोलाच्या कामात बिऱ्हाड हलवताना एका दिवसाचाही खंड पडू द्यायचा नाही, ही त्यामागची कळकळ आहे.

मी चौल, नागाव, आक्षी, किहीम या पट्ट्यातल्या घरगुती निवासांच्या वेबसाइट सांभाळतो. एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर साइट हलवणं हेही बिऱ्हाड हलवणंच आहे, आणि ते मी एकदा फार वाईट केलं.

नागावच्या एका काकींच्या वाडीत चार खोल्या आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या होस्टिंगची मुदत संपत आली होती. गुरुवारी रात्री मी सगळ्या फाइली नव्या सर्व्हरवर चढवल्या, डेटाबेस चढवला, डोमेनचे नेमसर्व्हर बदलले आणि झोपलो. सकाळी माझ्या फोनवर साइट नव्या जागेवरून सुरेख उघडत होती. काम झालं असं मी धरून चाललो.

शनिवारी दुपारी काकींचा फोन आला. “अरे, तिसरी खोली पुण्याच्या माणसांनाही दिलीस आणि ठाण्याच्यांनाही? दोन्ही गाड्या दारात उभ्या आहेत. लहान पोरं आहेत रे बरोबर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज होती. ते मला जास्त लागलं. त्यांनी एका कुटुंबाला स्वतःचं माजघर रिकामं करून दिलं, रात्री अंगणात पोपटी लावली आणि वेळ निभावून नेली. पण आगाऊ पैसे भरून वडखळची वाहतूक सोसत आलेल्या माणसाला आपली खोली दुसऱ्याच्या ताब्यात दिसावी, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं होतं ते असं. डोमेनचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता यांची जोडी डीएनएस सांगतं. पण प्रत्येक वेळी कोणी मूळ ठिकाणी विचारायला जात नाही. मोबाइल कंपनीचा सर्व्हर एकदा मिळालेला पत्ता काही काळ जवळ ठेवून देतो. तो काळ किती, हे टीटीएल नावाचा आकडा ठरवतो आणि तो सेकंदांत असतो. पुष्कळ ठिकाणी ८६४०० लिहिलेलं असतं, म्हणजे पूर्ण दिवस. नेमसर्व्हर, म्हणजे ही जोडी जिथे लिहिलेली असते ते सर्व्हर, बदलले तर त्याहून लांबतं. डॉट कॉमच्या मूळ नोंदीत ती मुदत १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे. त्या दोन दिवसांत पुण्याचं कुटुंब जुन्या सर्व्हरवर पोचलं आणि ठाण्याचं नव्यावर. दोन्हीकडे तिसरी खोली रिकामी दिसत होती, दोन्ही डेटाबेसांनी ती देऊन टाकली.

त्यामुळे साइट हलवणाऱ्याने पहिलं काम बदलाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी करावं: टीटीएल ३०० वर आणून ठेवावा. जुना आकडा ८६४०० असेल तर किमान तेवढा वेळ जाऊ द्यावा, कारण ज्यांच्याकडे जुना पत्ता आहे त्यांच्याकडे जुनी मुदतही आहे. मग प्रत्यक्ष दिवशी फक्त पत्त्याची, म्हणजे ए नोंद बदलावी. नेमसर्व्हर, डोमेनची कंपनी आणि होस्टिंग तिन्ही एकाच रात्री बदलण्याचा मोह टाळावा. काही बिघडलं तर नेमकं कशामुळे, हे शोधायलाही जागा राहत नाही.

नवी साइट जगाला दाखवण्याआधी ती स्वतःला पाहता येते. प्रत्येक संगणकात होस्ट्स नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला की फक्त त्या संगणकाला नवी साइट दिसते, बाकी सगळे जुन्यावरच असतात. तिथे बसून फॉर्म भरावा, पैसे भरण्याचं पान उघडावं, पावतीचा मेल येतो का पाहावा. कुलूप दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्रही आधीच बसवावं. जुनं प्रमाणपत्र त्याच्या खासगी किल्लीसह नव्या सर्व्हरवर नेता येतं, किंवा डीएनएसमधल्या नोंदीच्या आधारे नवं मिळवता येतं. पत्ता बदलल्यावर प्रमाणपत्राच्या मागे धावणाऱ्याच्या पाहुण्यांना तोवर ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी पाटी दिसते, आणि बुकिंग करणारा माणूस ती वाचून निघून जातो.

मराठी साइट असेल तर इथे जरा थांबावं. ‘अलिबाग’ हा शब्द घ्या. अ, ल, वेलांटी, ब, काना, ग अशी संगणकाच्या लेखी सहा चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १८. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत आपोआप मिळणारी संकेतपद्धती लॅटिन-१ होती. तिला हे १८ बाइट म्हणजे १८ रोमन खुणा वाटतात. जुन्या ठिकाणी साइट आणि डेटाबेस दोघंही एकमेकांशी त्याच चुकीच्या समजुतीने बोलत असतात, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसतं. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून आपोआप मिळणारी संकेतपद्धती यूटीएफ-८-एमबी-४ झाली. नव्या सर्व्हरवर दोघांपैकी एकाची समजूत सुधारते आणि ‘अलिबाग’च्या जागी अठरा विचित्र खुणांची माळ उमटते. क्वचित नुसती प्रश्नचिन्हं येतात. ती आली तर जास्त घाबरावं, कारण मूळ अक्षरं तिथे उरलेलीच नसतात. म्हणून जुन्या डेटाबेसची न बदललेली प्रत बाजूला ठेवल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये, आणि जोडाक्षरं असलेली दहा-बारा पानं स्वतः वाचून पाहावीत.

तिसऱ्या खोलीचा गोंधळ मात्र एका साध्या उपायाने टळला असता. बुकिंगचा फॉर्म अर्धा तास थांबवायचा, तिथे फोन नंबर ठेवायचा, डेटाबेसची शेवटची प्रत नव्याकडे न्यायची, आणि मग जुन्या सर्व्हरलाच सांगायचं की तुझ्याकडे येणारी प्रत्येक मागणी नव्याकडे पोचव. याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. यानंतर कोणी जुन्या पत्त्यावर आला तरी नोंद एकाच वहीत पडते. जुन्या सर्व्हरवर ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामंही त्याच वेळी बंद करावीत, नाहीतर पाहुण्यांना आठवणीचा मेल दोनदा जातो.

आणि मेल. काकींच्या प्रसंगात हे सर्वांत उशिरा कळलं. नेमसर्व्हर बदलताना मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद नव्या जागी लिहायचीच राहिली होती. साइट उघडत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. चौकशीचे मेल मात्र पोचत नव्हते आणि वर्षअखेरीची गिऱ्हाइकं उत्तर येत नाही म्हणून दुसरीकडे गेली. हलवण्याआधी डीएनएसमधली प्रत्येक ओळ उतरवून घ्यावी. मेल खरा आहे हे पटवणाऱ्या टीएक्सटी नोंदीही त्यात आल्या. डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे सहीने पटवणारं डीएनएससेक चालू असेल तर नेमसर्व्हर बदलताना त्याची डीएस नोंदही बघावी. ती जुळली नाही तर पुष्कळांसाठी अख्खं डोमेनच नाहीसं होतं.

या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडला धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. डोमेनच्या खात्याचा ओटीपी गावातल्या एकाच फोनवर येत असेल, तर अशा दिवसांत ते खातं कोणालाच उघडता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नात्यातल्या माणसाचा नंबर तिथे दुसरा म्हणून द्यावा. साइट हलवायला पावसाळा चांगला, मांडव्याच्या लाँचा बंद असतात आणि गर्दी ओसरलेली असते. फक्त वादळाचा इशारा असलेला आठवडा सोडावा.

काकींची साइट मी दोन वर्षांनी पुन्हा हलवली, आषाढातल्या एका मंगळवारी. त्यांनीच होस्ट्स फाइल बदललेल्या माझ्या लॅपटॉपवर बसून तिसरी खोली स्वतःच्या नावाने बुक केली, मेल आला का पाहिलं आणि मग ती रद्द केली. पत्ता बदलल्यावर जुन्या सर्व्हरची नोंदवही मी रोज उघडत होतो. पहिल्या दिवशी चाळीसेक जण जुन्या वाटेने आले आणि पुढे पाठवले गेले, तिसऱ्या दिवशी चार. नवव्या दिवशी माणूस कोणीच नव्हता, शोधयंत्रांचे बॉट तेवढे होते. जुन्या होस्टिंगचे मी महिनाभराचे पैसे जास्त भरले होते. तो महिना संपेपर्यंत ते चालू ठेवलं.