शिरूर ते दौंड, व्हाया पुणे : फ्रेम रिलेची तोंडओळख

फ्रेम रिले २०१६ मध्ये सीसीएनएच्या अभ्यासक्रमातून गेले. शाखा जोडायला आज एमपीएलएस किंवा इंटरनेटवरून व्हीपीएन वापरतात. मग हे का शिकायचे? कारण 'दोन्ही शाखा मुख्य ऑफिसशी बोलतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत' हे दुखणे व्हीपीएनमध्येही तसेच आहे, आणि फ्रेम रिलेत ते सगळ्यात स्पष्ट दिसते. मी हा प्रयोग हॉस्टेलच्या पीसीवर जीएनएस३ मध्ये केला. त्यात फ्रेम रिले स्विच तयारच मिळतो.

समजा मुख्य ऑफिस पुण्यात आणि शाखा शिरूर व दौंडला. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात, पण शिरूर नगर रोडवर आणि दौंड सोलापूर लाइनवर. तिघांना एकमेकांशी जोडायला तीन पीव्हीसी लागतील. पैसे वाचवायचे म्हणून आपण दोनच घेतो : पुणे-शिरूर आणि पुणे-दौंड. पीव्हीसी म्हणजे कंपनीने स्विचमध्ये आखून दिलेली कायमची वाट. तिचा नंबर म्हणजे डीएलसीआय. हा नंबर फक्त आपल्या टोकापुरता असतो. पुण्याला शिरूरची वाट १०२ दिसते, तीच वाट शिरूरला २०१ दिसते. दौंडसाठी तसेच १०३ आणि ३०१. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो!

अडचण कुठे येते?

पुण्यात एकच मल्टिपॉइंट सबइंटरफेस करून तिन्ही राउटर एका सबनेटमध्ये ठेवले आणि रिप चालू केले, की पुण्याला दोन्ही लॅन दिसतात. पण शिरूरचा रूट दौंडला पोचत नाही. कारण स्प्लिट होरायझन : ज्या इंटरफेसवरून रूट कळला, त्याच इंटरफेसवरून तो परत सांगायचा नाही. लूप टाळायला नियम चांगलाच आहे. कॉर्ड लाइन होण्याआधी पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली, की इंजिन दुसऱ्या बाजूला लावून आल्या टोकानेच बाहेर पडायची. आपला पुण्याचा राउटर रूटच्या बाबतीत नेमके हेच करायला नकार देतो.

स्प्लिट होरायझन बंद केले तरी काम संपत नाही. इन्व्हर्स आर्प फक्त पीव्हीसीच्या पलीकडच्या राउटरची ओळख करून देतो, म्हणून दौंडला शिरूरचा सिरियल पत्ता कोणत्या डीएलसीआयवर पाठवायचा हेच ठाऊक नसते. मग 'फ्रेम-रिले मॅप' कमांडने तो पत्ता ३०१ वर हाताने बांधावा लागतो, आणि शिरूरला दौंडचा २०१ वर.

सोपा उपाय

(कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप कराव्यात.)

१. पुण्याच्या सिरियल ०/० वर आयपी देऊ नका. 'एन्कॅप्सुलेशन फ्रेम-रिले' आणि 'नो शटडाउन' एवढेच द्या.

२. सिरियल ०/०.१०२ पॉइंट-टू-पॉइंट करा. आयपी १९२.१६८.१२.१, मास्क /३०. मग 'फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०२'.

३. दौंडसाठी सिरियल ०/०.१०३, आयपी १९२.१६८.१३.१, डीएलसीआय १०३.

४. शाखांमध्येही असेच, पण डीएलसीआय २०१ आणि ३०१, आयपीचा शेवटचा आकडा २.

५. तिन्हीकडे रिप व्हर्जन २ आणि 'नो ऑटो-समरी'. नेटवर्क कमांडमध्ये लॅनही द्यायला विसरू नका.

आता शिरूरचा रूट .१०२ वरून येतो आणि .१०३ वरून जातो. राउटरच्या दृष्टीने हे दोन वेगळे इंटरफेस, त्यामुळे नियमही मोडत नाही आणि मॅपही लिहावा लागत नाही. फक्त प्रत्येक पीव्हीसीला वेगळे सबनेट खर्च होते.

तपासणी

'शो फ्रेम-रिले पीव्हीसी' पाहा. अॅक्टिव्ह म्हणजे दोन्ही टोके ठीक. इनॅक्टिव्ह म्हणजे आपली बाजू ठीक, गडबड पलीकडे. डिलीटेड म्हणजे स्विचला तो डीएलसीआय माहीतच नाही. बहुतेक वेळा नंबर चुकलेला असतो. नंतर 'शो आयपी रूट' बघा आणि शेवटी शिरूरच्या लॅनमधून दौंडच्या लॅनला पिंग करा. फक्त पुण्याला पिंग गेला म्हणून प्रॅक्टिकल झाले असे समजू नका. खरी परीक्षा शाखा ते शाखा!